अर्ध्या उंचीचा तट

पावसाळा तोंडावर आला की हैदराबाद-सिकंदराबादेतील आपल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. काचीगुड्याला निघतो, सुलतान बाजाराकडे निघतो आणि उपासना संपल्यावर मंदिराच्या पायऱ्यांवरही निघतो. ‘फ्लूची लस टोचून घ्यावी काय?’ प्रश्न वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याला मिळणारी उत्तरे ऐकली म्हणजे ध्यानात येते की, हा प्रश्न आपल्या विश्वासाचा, आपल्या शेजारधर्माचा आणि आपल्या खरेपणाचाही आहे.

उत्तरे बहुधा तीन प्रकारची असतात. एक बंधू म्हणतात, “मागल्या वर्षी लस घेतली, तरी आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळलो. मग उपयोग काय?” दुसऱ्या भगिनी म्हणतात, “राखणारा देव आहे. टोचून घेतले म्हणजे त्याच्यावर भरवसा नाही, असेच झाले की!” तिसरे गृहस्थ म्हणतात, “आम्ही घेतली आहे. आता आम्हांला काही होत नाही.” ही तिन्ही उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे, असे आम्हांस वाटते. तिघांनाही पुरी हमी हवी आहे. पहिल्याला ती मिळाली नाही म्हणून तो रुसला. दुसरीने ती देवाच्या नावावर लिहून घेतली. तिसऱ्याने ती लसीच्या नावावर लिहून घेतली. वस्तुस्थिती अशी की, ही लस पुरी हमी देतच नाही. ती अपुरे संरक्षण देते. तेव्हा खरा प्रश्न असा आहे: जे साधन आपल्याला पुरते वाचवत नाही, ते वापरणे आपले कर्तव्य ठरते काय?

दुखणे लहान नाही

‘फ्लू’ हा शब्द आपण फार सैल वापरतो. नाक वाहिले, घसा धरला की आपण ‘फ्लू झाला’ म्हणतो. खरा इन्फ्ल्युएंझा निराळा. तो एका विशिष्ट विषाणूने होतो. ताप एकाएकी चढतो, अंग मोडून येते आणि खोकला लांबतो. धडधाकट माणूस आठवड्याभरात उठून बसतो. परंतु म्हातारे, तान्ही मुले, गरोदर स्त्रिया, मधुमेहाचे, दम्याचे व हृदयाचे रोगी यांच्या बाबतीत हाच ताप फुप्फुसांत उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे हंगामी फ्लूमुळे श्वसनाच्या विकाराने दगावतात.

आपल्या देशाला तर या रोगाची जुनी ओळख आहे. १९१८ च्या जून महिन्यात तो मुंबई बंदरात उतरला आणि त्याच वर्षीच्या शरद ऋतूत रेल्वेच्या मार्गाने गावोगाव पसरला. त्या साथीत हिंदुस्थानात सव्वा कोटीच्या आसपास, काहींच्या मते त्याहूनही पुष्कळ अधिक, माणसे मेली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. असे दुसरे दशक त्यानंतर आले नाही. त्या वेळी रोगाचे कारणही कोणास ठाऊक नव्हते. माणसाच्या फ्लूचा विषाणू सापडला तो १९३३ साली, इंग्लंडात.

अलीकडची गोष्ट घ्या. २००९ साली नव्या जातीचा फ्लू जगभर पसरला. लोक त्याला स्वाइन फ्लू म्हणू लागले. भारतातला पहिला खात्रीचा रुग्ण त्या मे महिन्यात सापडला तो आपल्या हैदराबादेतच. अमेरिकेहून विमानाने आलेला तो एक तरुण होता. देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यास झाला, एका शाळकरी मुलीचा. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसे रस्त्यांवर दिसू लागली. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारण्याची लस आणली आणि हैदराबादच्या भारत बायोटेकने टोचण्याची. ज्या दोन शहरांतून भय सुरू झाले, त्याच दोन शहरांतून औषधही निघाले. यात आभार मानावे असे काही आहे. पण साथ तेवढ्याने संपली नाही. २०१५ च्या आरंभी तेलंगणात तिने पुन्हा जोर धरला आणि त्या एका वर्षात देशभर ४२ हजारांवर रुग्ण व सुमारे ३ हजार मृत्यू नोंदले गेले. नोंदीत न आलेले किती, ते देवच जाणे.

लस किती राखते?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. देवी किंवा गोवर यांच्या लसीशी आपण मनातल्या मनात तुलना करतो आणि फसतो. गोवराच्या दोन टोचण्या घेतल्या की शंभरांतली सत्त्याण्णव मुले सुरक्षित होतात. फ्लूची लस त्या पंक्तीला बसत नाही. ज्या वर्षी लस आणि फिरता विषाणू यांचा चांगला मेळ बसतो, त्या वर्षी ती डॉक्टरकडे जावे लागण्याइतक्या आजाराचा धोका शेकडा ४० ते ६० इतका कमी करते. अमेरिकेत दरवर्षी हा हिशेब मांडतात. २०१०-११ च्या हंगामात तो शेकडा ६० निघाला. २०१४-१५ मध्ये मेळ फसला आणि तो १९ वर आला. २००४-०५ मध्ये तर केवळ १० होता. हरियाणातील बल्लभगढ भागातल्या खेड्यांत मुलांना तीन वर्षे लस देऊन अभ्यास झाला. तेथेही लाभ पहिल्या वर्षी सुमारे चौथा हिस्सा, दुसऱ्या वर्षी दोन-पंचमांश आणि तिसऱ्या वर्षी पाऊण असा वरखाली झाला.

असे का व्हावे? कारण हा विषाणू सोंगाड्या आहे. आपले शरीर त्याच्या बाहेरच्या आवरणावरच्या खुणा पाहून त्याला ओळखते. लस म्हणजे त्या खुणांचे आगाऊ दाखवलेले चित्र. परंतु विषाणू आपल्या खुणा थोड्याथोड्याने बदलत राहतो. त्यामुळे कोणत्या जाती लसीत घालायच्या याचा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेला वर्षातून दोनदा नव्याने घ्यावा लागतो: उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिणेसाठी सप्टेंबरात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या प्रयोगशाळा देशोदेशी गोळा केलेले नमुने तपासतात, त्यांवरून अंदाज बांधला जातो, आणि मग बहुतेक लस कोंबडीच्या अंड्यांत वाढवून तयार करावी लागते. त्यात सहा महिने जातात. तेवढ्यात विषाणूने रूप पालटले तर चित्र जुने ठरते. शिवाय म्हाताऱ्या शरीराची शिकण्याची ताकद मंदावलेली असते, आणि शिकलेलेही काही महिन्यांत ओसरते. म्हणून दरवर्षी टोचावे लागते. आपल्या बाजूला फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात असतो. तेव्हा पाऊस सुरू होण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, टोचून घेतलेले बरे. अंगात ताकद यायला दोन आठवडे लागतात.

लस घेऊनही ताप येण्याचे आणखी एक साधे कारण आहे. तापखोकला आणणारे विषाणू पुष्कळ आहेत आणि ही लस त्यांतल्या फक्त इन्फ्ल्युएंझाशी लढते. टोचण्याच्या लसीत विषाणू मेलेला असतो, त्यामुळे तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखतो, कोणाला एखाद-दोन दिवस कणकण येते, इतकेच. गंभीर त्रास फार विरळा.

तेव्हा पहिल्या बंधूंचे म्हणणे अर्धे खरे आहे. लस घेऊनही आजार होतो. पण ‘उपयोग काय’ हे म्हणणे खरे नाही.

एकच आकडा, दोन तोंडे

येथे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी थोडे लक्ष द्यावे. खोटे न बोलताही माणसाला फसवता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

२०१८ साली पुष्कळ प्रयोग एकत्र करून कॉक्रेन नावाच्या संस्थेने हिशेब मांडला. धडधाकट प्रौढ माणसांत लस न घेतलेल्या हजारांपैकी सुमारे २३ जणांना एका हंगामात फ्लू झाला, लस घेतलेल्या हजारांपैकी ९ जणांना. लसीची बाजू मांडणारा म्हणेल, “धोका शेकडा ६० ने घटला!” खरे आहे. विरुद्ध बाजूचा म्हणेल, “हजारांना टोचले तेव्हा कुठे १४ वाचले; म्हणजे एकाला वाचवण्यासाठी सत्तर जणांना टोचा!” हेही तितकेच खरे आहे. दोघांच्या हातात एकच आकडा आहे. जो फक्त एकच तोंड दाखवतो, तो शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देत नसला, तरी पुरी साक्षही देत नाही.

म्हाताऱ्या माणसांत हाच हिशेब हजारी ६० वरून २४ असा निघाला, म्हणजे सुमारे तीस जणांमागे एक वाचला. मुलांत टोचण्याच्या लसीने शंभरी ३० वरून ११ झाले. म्हणजे जेथे धोका मोठा तेथे तीच अपुरी लस अधिक माणसे वाचवते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांपैकी निम्म्यांना फ्लूची लस दिली होती. वर्षभरात लस न मिळालेल्यांत शंभरी ४.९ मृत्यू झाले, लस मिळालेल्यांत २.९. आणि लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो, त्यांच्यातही दुखणे सरासरीने सौम्य असते. आपल्या मंडळीत हृदयाच्या औषधांच्या गोळ्या खिशात ठेवून उपासनेला येणारे किती वडीलधारे आहेत, ते आपण जाणतोच.

आणखी एक गोष्ट मुलांना चिंचोके घेऊन दाखवता येईल. शंभर चिंचोके मांडा. त्यांतले तीस तांबडे रंगवा. ही लस न घेतलेली मुले. दुसरे शंभर मांडा, त्यांत अकराच तांबडे. ही लस घेतलेली. आता मुलांना विचारा, “लस घेऊनही आजारी पडलेले हे अकरा जण काय म्हणतील?” ते म्हणतील, ‘लस फुकट गेली.’ मग विचारा, “जे एकोणीस वाचले ते कोणते? दाखवा पाहू.” मुले गोंधळतील. ते दाखवताच येत नाहीत! ते इतर पांढऱ्या चिंचोक्यांत मिसळून गेले आहेत. त्यांचे त्यांनाही ठाऊक नाही की, आपण वाचलो.

शुभवर्तमानातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एक तरी आभार मानायला परत आला. येथे तो एकही परत येऊ शकत नाही, कारण त्याला आपले बरे झाल्याचे कळलेलेच नाही. ज्याच्या बाबतीत लस हरली तो सर्वांना सांगत सुटतो; ज्याच्या बाबतीत ती जिंकली तो गप्प असतो. म्हणून ‘मला काय झाले’ एवढ्यावरून निवाडा करणे न्यायाचे नाही. जी कृपा आपल्याला दिसली नाही, तीही कृपाच होती, हे शिकण्यासाठी हा धडा मोठ्यांनाही उपयोगी पडेल.

भरवसा की परीक्षा?

आता भगिनींच्या प्रश्नाकडे येऊ. देवावर भरवसा असलेल्याने लस घ्यावी काय?

नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमेचा तट बांधण्याची हकीकत आहे. तट निम्म्या उंचीपर्यंत आला असता शत्रूंनी थट्टा आरंभली. तोबीया म्हणाला की, कोल्हा चढला तरी ही भिंत ढासळेल. अर्धे काम पाहून हसणारी माणसे त्या काळीही होती. तेव्हा नहेम्याने व त्याच्या लोकांनी काय केले? त्यांनी देवाची प्रार्थना केली, आणि रात्रंदिवस पहाराही बसवला. प्रार्थना केली म्हणून पहारा सोडला नाही, पहारा बसवला म्हणून प्रार्थना सोडली नाही, आणि तट अर्धाच आहे म्हणून तो पाडूनही टाकला नाही.

हिज्कीया राजा मरणाच्या दारी असताना त्याने अश्रू गाळून प्रार्थना केली. देवाने ती ऐकली, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप बांधावयास सांगितले. लेपाने देवाच्या सामर्थ्यात काही उणे आले काय? उलट, मोहात पाडणाऱ्याने प्रभूला मंदिराच्या शिरोभागी नेऊन ‘उडी टाक, देवदूत झेलतील’ असे सुचवले, तेव्हा प्रभूने ते नाकारले. भरवसा आणि देवाची परीक्षा पाहणे यांत हाच भेद आहे. हाती असलेले साधन टाकून देऊन ‘आता तू वाचव’ म्हणणे हा भरवसा नव्हे.

परंतु तिसऱ्या गृहस्थांनाही हेच शास्त्र लागू आहे. लस घेऊन ‘आता मला काही होत नाही’ म्हणणे हाही एक खोटा भरवसा आहे, फक्त तो मंदिराच्या शिखरावरून नव्हे, तर दवाखान्याच्या खुर्चीवरून टाकलेल्या उडीसारखा. तट निम्मा आहे म्हणूनच पहाऱ्याची गरज अधिक. ज्याने लस घेतली त्यानेही ताप असता घरी राहावे, खोकताना तोंड झाकावे, हात धुवावेत, बैठकीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. प्रभुभोजनाच्या वेळी एकच प्याला फिरत असेल तर ताप-खोकला असलेल्याने त्या दिवशी तो ओठांना न लावणे यात अश्रद्धा नाही. शेजाऱ्यावरची प्रीती आहे.

घर कोणाचे, कठडा कोणासाठी?

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. हैदराबादेत संक्रांतीच्या दिवसांत गच्च्यागच्च्यांवर मुले पतंग उडवतात, तेव्हा ही आज्ञा किती शहाणपणाची आहे हे कळते. कठडा कमरेइतका असतो. त्यावर चढून एखादे द्वाड मूल पडूही शकते. म्हणजे कठडा पुरी हमी देत नाही. तरीही देवाने ‘हमी देता येत नसेल तर राहू द्या’ असे म्हटले नाही. जेवढे करता येते तेवढे करण्याचा भार त्याने घरमालकावर टाकला. आणि हे ध्यानात घ्यावे की, घरमालक आपली गच्ची जाणतो, त्याला कठड्याची गरज थोडी. कठडा आहे तो वर येणाऱ्या पाहुण्यासाठी, पोरासाठी, अंधारात चाचपडणाऱ्या म्हातारीसाठी.

फ्लूच्या लसीचा नैतिक गाभा आमच्या मते येथे आहे. तीस वर्षांच्या सशक्त तरुणाला स्वतःपुरता हिशेब केला तर लाभ थोडा दिसेल, आणि तो प्रामाणिकपणे थोडाच आहे. पण त्या घरात सहा महिन्यांच्या आतले तान्हे मूल असेल तर? त्या बाळाला ही लस देताच येत नाही. त्याचा कठडा म्हणजे गरोदरपणी आईने घेतलेली लस, आणि नंतर घरातली इतर माणसे.

हे केवळ बोलणे नव्हे. कॅनडाच्या पश्चिम भागात हटराइट नावाचा प्रोटेस्टंट परंपरेतील एक पंथ राहतो. प्रेषितांच्या काळातील मंडळीप्रमाणे ते सर्व मालमत्ता सामाईक ठेवतात आणि वसाहती करून राहतात. २००८-०९ च्या हंगामात त्यांच्या ४९ वसाहतींत एक प्रयोग झाला. काही वसाहतींतल्या तीन ते पंधरा वर्षांच्या मुलांना फ्लूची लस दिली; बाकीच्यांतील मुलांना एका प्रकारच्या काविळीची. मग मुलांकडे न पाहता, ज्यांना लस दिलीच नव्हती अशा माणसांकडे पाहिले. जेथे मुलांना काविळीची लस मिळाली तेथे त्यांच्यातील शंभरी ७.६ जणांना फ्लू झाला. जेथे मुलांना फ्लूची लस मिळाली तेथे केवळ ३.१. मुलांच्या दंडावरची टोचणी आजी-आजोबांपर्यंत पोहोचली. त्या वसाहती जगापासून बऱ्याच अलग आहेत आणि आपले हैदराबाद हे भाऊगर्दीचे शहर. तेव्हा येथे लाभ तितकाच होईल असे आम्ही म्हणणार नाही. पण एकाचे संरक्षण दुसऱ्याच्या अंगावर पांघरूण होऊ शकते, एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

विशेष करून आमच्या मंडळ्यांतील परिचारिका भगिनींचा विचार व्हावा. आपल्या कितीतरी मुली दवाखान्यांतून रात्रंदिवस सेवा करतात. त्यांचा कठडा म्हणजे त्यांच्या प्रभागातल्या दुबळ्या रोग्यांचा कठडा.

खरे सांगावे

कोणी म्हणेल, “लोकांना इतके बारकावे सांगू नका, ते घाबरतील. लस उत्तम आहे एवढेच सांगा.” आम्हांस हे मान्य नाही. चांगल्या कामासाठी सांगितलेले अर्धसत्य शेवटी त्या कामाचाच घात करते.

१९७६ साली अमेरिकेत डुकरांपासून आलेल्या फ्लूची मोठी साथ येणार असे समजून ४ कोटींहून अधिक लोकांना घाईने लस टोचली. साथ आली नाही. उलट, लाखात सुमारे एकाला पायांची-हातांची शक्ती जाण्याचा विकार जडला आणि डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. आजच्या लसीत तो धोका दहा लाखांत एक-दोन इतका अल्प मानतात. परंतु अमेरिकेतल्या लोकांच्या मनातला अविश्वास पुष्कळ काळ राहिला.

याच्या उलट उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १८९७ च्या जानेवारीत, प्लेगने शहर ओस पडत असता, वाल्डेमार हाफकीन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातील तयार झालेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेल्यांतही प्लेग झाला, पण न घेतलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी. हाफकीन यांनी लस घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले. लस पूर्ण नव्हती, आणि तरीही ती लाखोंना दिली गेली. कैद्याची ‘तयारी’ कितपत मोकळ्या मनाची असते, हा प्रश्न मात्र आपण विसरू नये. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता पुण्यास सावित्रीबाई फुले यांना मरण आले. शेजाऱ्यासाठी किती मोल द्यावे, याचा हिशेब त्यांनी शेकड्यांत मांडला नाही.

मग ज्यांना लस घ्यावीशी वाटत नाही त्यांचे काय? रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायातील पौलाचा सल्ला आपण येथे मानावा. एकमेकांचा न्याय करू नये. कोणाची विवेकबुद्धी भिते, कोणाला पूर्वी कशाची बाधा झाली असेल, कोणाला अंड्यांची भीती वाटत असेल. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. त्यांना अविश्वासी किंवा अडाणी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु तोच पौल म्हणतो की, आपल्या मोकळिकेमुळे दुबळ्या बंधूला ठेच लागू नये. जो लस घेत नाही त्याने निदान पहारा अधिक कडक ठेवावा.

अडचणीची गोष्ट

एक गोष्ट बोलल्यावाचून लेख पुरा होणार नाही. ही लस बालकांच्या सरकारी मोफत लसीकरणाच्या यादीत नाही. खाजगी दवाखान्यात तिला हजाराच्या वर रुपये पडतात, आणि तेही दरवर्षी. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गरोदर स्त्रिया व जोखमीच्या रोग्यांना ती मोफत देण्यास आरंभ केला, हे चांगले झाले. परंतु ज्या घरात चार माणसे आणि एकाची कमाई, तेथे ‘कर्तव्य’ हा शब्द जपून वापरावा. ज्याच्यापाशी विटा नाहीत त्याला कठड्याचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे.

म्हणून आमची नम्र सूचना अशी की, प्रत्येक मंडळीने मे महिन्यापूर्वी एक यादी करावी. साठीच्या पुढचे, मधुमेह व हृदयविकार असलेले, गरोदर भगिनी, आणि रुग्णसेवा करणारे. त्यांपैकी ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी मंडळीच्या मदतनिधीतून, शक्य तितकी, तरतूद करावी. सगळ्यांना पुरणार नाही. पण तीस वृद्धांत एक आजारातून वाचतो हा हिशेब आठवावा. तो एक कोण, हे कोणालाच कळणार नाही: त्याला नाही, पंचांना नाही, पैसे देणाऱ्यालाही नाही. उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये असे दान करण्याची संधी इतक्या नेमकेपणाने क्वचितच मिळते.

तट निम्माच आहे. राहिलेला निम्मा आपण प्रार्थनेने, पहाऱ्याने आणि एकमेकांच्या काळजीने उभा करावयाचा आहे. यंदाच्या पावसाळ्यापूर्वी आपण प्रत्येकाने स्वतःला एवढेच विचारावे: माझ्या गच्चीवर कोण कोण येते?